ढाक्याहून शिकागोला: इंजिनियर फजलूर रहमान खान

परदेशी जाणे ही आपल्या समाजाला नवीन गोष्ट नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील गावागावांतून कित्येक पिढ्या खलाशी म्हणून जहाजांवर गेल्या. काही घराणी दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत स्थायिक झाली. १९७० नंतर तर आखाती देशांची वाट इतकी रुळली की रत्नागिरी-रायगडच्या काही मोहल्ल्यांत कुवेत, दुबई, जेद्दा ही नावे तालुक्याच्या गावासारखी घेतली जातात. परंतु या सर्वांच्या मनात परतीचा दिवस पक्का असे. घर बांधावे, बहिणींची लग्ने करावीत आणि गावी येऊन बसावे, एवढाच हिशेब. हातात पदवी घेऊन जाणारा, तेथेच राहणारा आणि तेथील समाजात आपले स्थान निर्माण करणारा स्थलांतरित हा निराळा. त्याच्या वाटेत निराळ्या अडचणी येतात आणि त्याला निराळे प्रश्न पडतात. आज आपल्या मुलामुलींपैकी अनेकजण इंजिनियर, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ होऊन याच दुसऱ्या वाटेकडे डोळे लावून बसले आहेत. म्हणून या वाटेचा इतिहास त्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या समोर ठेवावासा वाटतो.

प्रथम कायद्याविषयी थोडेसे, कारण कायद्याशिवाय ही कथा समजत नाही. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग 'निषिद्ध क्षेत्र' ठरविला आणि हिंदुस्थानातील माणसांना स्थायिक होण्यासाठी येण्याची बंदी केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्वाचा हक्क नाही, असा निर्णय दिला. थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केलेले गृहस्थ होते, तरीही हा निर्णय झाला. १९४६ मध्ये दरवाजा किंचित उघडला, तोही वर्षाला शंभर माणसांपुरता. विद्यार्थ्यांना मात्र शिक्षणापुरते येता येत असे.

त्या बंदीच्या काळात गेलेल्या माणसाचे काय होत असे, हे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चरित्रावरून दिसते. आंध्रातील भीमावरमचा हा मनुष्य १९२३ मध्ये बोस्टनला उतरला. मद्रासची वैद्यकीय पदवी तेथे उपयोगी पडेना, तेव्हा रात्री इस्पितळात रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलून त्यांनी दिवसा हार्वर्डमध्ये संशोधन केले. पुढे फॉलिक अ‍ॅसिड, कर्करोगावरील मेथोट्रेक्सेट, हत्तीरोगावरील औषध ही सर्व त्यांच्या देखरेखीखालच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली. १९४८ मध्ये ते वारले. मागे राहिलेली पत्नी त्यांना पुन्हा कधी दिसली नाही. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नाही आणि मायदेशीही ते परतले नाहीत. कर्तृत्व अफाट, परंतु भोवती आपले म्हणावे असे मनुष्यबळ नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या माणसाचे नशीब या बाबतीत निराळे निघाले.

फजलूर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्यात झाला. घराणे मूळचे फरीदपूर जिल्ह्यातील. वडील खानबहादूर अब्दुर रहमान खान हे गणिताचे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक. शिक्षण खात्यात चढत चढत ते मोठ्या हुद्द्यावर गेले आणि निवृत्तीनंतर ढाक्याच्या जगन्नाथ कॉलेजचे प्राचार्य झाले. घरात शिक्षणाचे वातावरण होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गरिबीतून वर आलेल्यांच्या कथा आपल्याला अधिक आवडतात, परंतु सर्वच थोर माणसे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठी होत नाहीत. काहींना अभ्यासाची गोडी लावणारा बाप मिळतो आणि तीही काही लहान दौलत नव्हे.

ढाक्याच्या आरमानीटोला शाळेतून मॅट्रिक झाल्यावर फजलूर कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील बंगाल इंजिनियरिंग कॉलेजात दाखल झाले. मध्येच फाळणी झाली. शिबपूर हिंदुस्थानात राहिले आणि घर पाकिस्तानात गेले. १९५० मध्ये दोन्ही बंगालमध्ये दंगली उसळल्या आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या या विद्यार्थ्याला कॉलेज सोडून ढाक्यास परतावे लागले. तेथल्या अहसानुल्ला इंजिनियरिंग कॉलेजातून त्यांनी पदवी पुरी केली आणि पहिला क्रमांक मिळविला. त्या वर्षी दोन्ही बाजूंच्या किती मुलांची शिक्षणे अर्धवट राहिली असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

१९५२ मध्ये त्यांना अमेरिकेची फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकारची अशा शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि ते इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील परिसरात दाखल झाले. त्याच वर्षीच्या २१ फेब्रुवारीला ढाक्यात बंगाली भाषेसाठी मिरवणूक काढणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. हा संदर्भ पुढे उपयोगी पडेल. अर्बानाला तीन वर्षांत त्यांनी दोन मास्टर्स पदव्या आणि एक डॉक्टरेट मिळविली. एक मास्टर्स बांधकामाच्या रचनाशास्त्रात आणि दुसरी यंत्रशास्त्राच्या सैद्धांतिक शाखेत. १९५५ मध्ये शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या मोठ्या वास्तुशास्त्रीय संस्थेत त्यांना नोकरी लागली.

आता चरित्रातला असा एक भाग येतो की जो सहसा दोन ओळींत उरकला जातो, पण जो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १९५७ मध्ये खान परत गेले. सरकारी पैशाने शिकलेला माणूस सरकारच्या कामी यावा, हे योग्यच होते. कराचीच्या विकास प्राधिकरणात त्यांना एक्झिक्युटिव्ह इंजिनियरची जागा मिळाली. मानाची जागा, घरी आईवडिलांना समाधान. परंतु काम कोणते? फायली, मंजुऱ्या, बैठका. ज्या माणसाने बांधकामाच्या रचनाशास्त्राचा अभ्यास केला, त्याच्या समोर आराखड्याचा कागद येईना. तीन वर्षे काढून १९६० मध्ये ते पुन्हा शिकागोला आपल्या जुन्या संस्थेत गेले.

आपल्याकडे अशा वेळी दोन ठराविक उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, 'देशाला विसरला.' दुसरा म्हणतो, 'बरे केले, येथे काय ठेवले आहे?' मला दोन्ही उथळ वाटतात. खान यांनी परत येऊन पाहिले आणि मग निर्णय घेतला. न पाहता निर्णय घेणारेच जास्त. शिवाय कराचीला त्यांना कमी लेखले गेले असे नव्हते, उलट मोठी खुर्ची दिली गेली. खुर्ची मोठी आणि काम लहान, हीच तर अडचण होती. विकसनशील देशांतून बुद्धिमान तरुण का जातात याची चर्चा पगारापाशी येऊन थांबते. पगाराचा वाटा मोठा आहेच, पण हातातील विद्या वापरायला मिळणे ही वेगळी भूक आहे.

शिकागोत त्यांनी काय केले, हे समजण्यासाठी थोडे इंजिनियरिंग पाहावे लागेल. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचे वजन नव्हे. तो वारा. जुन्या पद्धतीत इमारतीच्या आतबाहेर सर्वत्र खांब आणि तुळया यांची चौकट उभी करीत. मजले वाढले की वारा पेलण्यासाठी लागणारे पोलाद इतके वाढे की एका मर्यादेपुढे इमारत परवडेनाशी होई. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये पुरी झाली आणि तिच्यावर मात करणारी इमारत चाळीस वर्षे उभी राहिली नाही, यामागे हेही एक कारण होते. खान यांनी विचार उलटा केला. खांब बाहेरच्या भिंतीत आणावेत, जवळजवळ उभे करावेत, तुळयांनी घट्ट बांधावेत, म्हणजे सबंध इमारत जमिनीत रोवलेल्या पोकळ नळीसारखी काम करील. आपल्याकडचा कळक पाहा. आतून पोकळ, वजनाला हलका, पण वादळात माड पडतो तेथे कळकाचे बेट टिकते. या तत्त्वावर शिकागोत त्रेचाळीस मजल्यांची डेविट-चेस्टनट ही निवासी इमारत १९६६ च्या सुमारास पुरी झाली.

यानंतरची जॉन हॅनकॉक सेंटर ही शंभर मजल्यांची इमारत. तिच्या बाहेरच्या अंगावर प्रचंड फुल्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत. त्या तिरप्या पट्ट्यांतूनच वाऱ्याचा जोर खाली जमिनीकडे जातो. एम्पायर स्टेटला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. हॅनकॉकला सुमारे १४५ किलोंत काम भागले. दुकाने, कचेऱ्या, मोटारतळ आणि राहण्याची घरे एकाच इमारतीत. शंभर मजल्यांवर माणूस राहणार, तर इमारत वाऱ्याने किती हलली म्हणजे त्याला चक्कर येईल, हा प्रश्न होता. पुस्तकांत उत्तर नव्हते. खान यांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील एका फिरत्या व्यासपीठावर माणसे उभी करून ते अजमावून पाहिले. ते व्यासपीठ कपडे धुण्याच्या यंत्रांच्या प्रदर्शनाचे होते!

आणि मग सिअर्स टॉवर. नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येक बाजू सुमारे तेवीस मीटर, एकमेकींना जोडलेल्या. पन्नासाव्या मजल्यावर दोन नळ्या संपतात, सहासष्टाव्यावर आणखी दोन, नव्वदाव्यावर तीन आणि उरलेल्या दोन टोकापर्यंत जातात. एकशेदहा मजले, सुमारे ४४२ मीटर उंची. १९७३ मध्ये ती जगातील सर्वांत उंच इमारत झाली आणि १९९८ मध्ये क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे होईपर्यंत हा मान तिच्याकडे राहिला. २००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर आहे. खान यांचे वास्तुशास्त्रज्ञ सहकारी ब्रूस ग्रॅहम यांनी मूठभर सिगारेटी एकत्र धरून खानना ही कल्पना समजावली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, या दोघांची जोडी मात्र खरी होती. ग्रॅहमही अमेरिकेत जन्मलेले नव्हते. त्यांचा जन्म कोलंबियातला. वास्तुशास्त्रज्ञाने रूप ठरवायचे आणि इंजिनियरने ते मुकाट्याने उभे करायचे, हा जुना रिवाज या दोघांनी मोडला. खान पुढे त्या संस्थेत भागीदार झाले आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील एका प्रमुख बांधकामविषयक साप्ताहिकाने त्यांना वर्षाचा मानकरी म्हणून निवडले. शिवाय ते शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवीत असत. १९६७ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते.

त्या सुमारासच कायद्याचे दार पुरते उघडले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली. राष्ट्रवार कोटा जाऊन व्यवसाय आणि कौटुंबिक नाते यांना प्राधान्य मिळाले. त्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअर योजना सुरू करणारा कायदा झाला आणि इस्पितळांना डॉक्टर कमी पडू लागले. हिंदुस्थान आणि पाकिस्तानातून डॉक्टर-इंजिनियरांची रीघ लागली ती तेव्हापासून. त्यांचे स्वागत फुलांनी झाले असे समजू नये. येथे दहा वर्षे प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला तेथे परीक्षा देऊन पुन्हा रेसिडेंट म्हणून रात्रपाळ्या कराव्या लागत. मोठ्या शहरांतील नामांकित जागा स्थानिकांना आणि खेड्यांतील किंवा गरीब वस्तीतील इस्पितळे परक्यांना, असेही पुष्कळदा घडे. १९७६ मध्ये परदेशी डॉक्टरांवर पुन्हा बंधने आली. आजही कायमच्या वास्तव्याच्या परवान्यात एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत, त्यामुळे हिंदी अर्जदारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. जाणाऱ्याने हे घरून निघतानाच हिशेबात धरावे.

या मंडळींनी समाज कसा उभारला? पुष्कळसा भाड्याच्या खोल्यांतून. ज्या अर्बानात खान शिकले, तेथेच १९६३ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांची 'मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन' ही संघटना स्थापन झाली. अरब, पाकिस्तानी, हिंदी, इराणी अशा अनेक देशांची मुले, भाषा कोणाची कोणाशी जुळत नाही, पण जुम्याची नमाज एकत्र. १९६९ मध्ये शिकागोत मुस्लिम कम्युनिटी सेंटर सुरू झाले. यातील बहुतेक संस्था नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी राबणाऱ्या लोकांनी उभ्या केल्या. मुलांना कुरआन कोण शिकवील, हलाल गोश्त कोठून आणावे, कोणी वारले तर दफन कोठे करावे, असे हे साधे प्रश्न होते. मोठमोठ्या ठरावांतून नव्हे, तर अशा प्रश्नांतूनच संस्था जन्माला आल्या. मराठी माणसांचेही तसेच. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये निघाले आणि त्याचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये भरले ते शिकागोतच. त्याच शहरात डेव्हन अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. साड्या, मिठाई, मसाले आणि कबाब यांनी गजबजलेला. त्याच्या एका तुकड्याला गांधींचे, दुसऱ्याला जिनांचे आणि तिसऱ्याला शेख मुजीब यांचे नाव दिलेले आहे. उपखंडात जे एका नकाशात मावले नाही, ते तेथे एका रस्त्यावर मावले!

खान यांची समाजाशी खरी गाठ पडली ती १९७१ मध्ये. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची कारवाई सुरू झाली आणि पुढील महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित हिंदुस्थानात आले. त्यावेळी सिअर्स टॉवरचे काम भरात होते आणि खान कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांनी गप्प बसणे सोयीचे होते. अमेरिकन सरकार तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने होते. परंतु खान यांनी शिकागोत 'बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील' नावाची संस्था काढून संकटग्रस्तांसाठी निधी जमविला आणि अमेरिकेतील लोकमत जागे करण्याच्या चळवळीत पुढाकार घेतला. ज्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते शिकले, त्याच सरकारच्या विरुद्ध हे होते. याला कोणी कृतघ्नपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. शिष्यवृत्तीचे ऋण त्यांनी कराचीला तीन वर्षे काम करून फेडले होते. ढाक्याच्या मातीचे आणि आईच्या भाषेचे ऋण निराळे होते. त्यांना रवींद्रनाथांची गाणी प्रिय होती, ते ती स्वतःही गात. मुसलमान असणे आणि बंगाली असणे यांत त्यांना कधी तंटा दिसला नाही. मराठी बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वभावाने ते अबोल यंत्रविशारद नव्हते. तंत्रज्ञाने आपल्या तंत्रात हरवून जाऊ नये, त्याला जीवनाचा आस्वाद घेता आला पाहिजे, आणि जीवन म्हणजे कला, नाट्य, संगीत व मुख्य म्हणजे माणसे, असे ते सांगत. हे विचार शिकागोत त्यांच्या स्मारकफलकावर कोरलेले आहेत. त्यांच्या पत्नी लिझेलोट्टे ऑस्ट्रियाच्या होत्या, म्हणजे त्याही स्थलांतरितच. कन्या यास्मिन याही इमारतींच्या रचनेच्या इंजिनियर झाल्या आणि त्यांनी २००४ मध्ये वडिलांच्या कामावर ग्रंथ लिहिला. मुलीला शास्त्र शिकवू की नको असा विचार करणाऱ्या पालकांनी या घराकडे जरा पाहावे.

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे जेद्दाच्या विमानतळावरील हज टर्मिनल. हजच्या थोड्या दिवसांत लाखो माणसे उतरणार आणि उरलेले वर्ष जागा जवळजवळ रिकामी. अशा ठिकाणी काचेची वातानुकूलित इमारत बांधणे म्हणजे पैशाची नासाडी. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील बदूंच्या तंबूकडे पाहिले. पंचेचाळीस मीटर बाजूचा एक, असे २१० तंबू, पोलादी खांबांवर तारांनी ताणलेले. कापड काचतंतूंचे, वर टेफ्लॉनचा लेप. ऊन परतवते, उजेड आत सोडते, आणि गरम हवा माथ्यावरच्या छिद्रातून निघून जाते. भिंती नाहीत. सुमारे बेचाळीस हेक्टरांवर ही सावली पसरली आहे. १९८१ मध्ये ते खुले झाले आणि १९८३ मध्ये त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

तो पाहायला खान राहिले नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दामध्येच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्रेपन्नावा वाढदिवस एका आठवड्यावर होता. मरहूम खान यांना शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत पुरण्यात आले. बांगलादेशाने १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर स्वातंत्र्यदिन पुरस्कार दिला.

मुंबईहून जहाजाने हजला जाण्याची प्रथा १९९५ मध्ये बंद झाली. त्यानंतर आपल्याकडचे जे हाजी विमानाने जेद्दाला उतरले, त्यांतील पुष्कळांनी बसची वाट पाहत या तंबूंखाली तासन् तास काढले आहेत. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ही सावली कोणी बांधली हे ठाऊक असेल.